रिओचा आवाज बसला तेव्हा

कश्मिरा सातवीत भारतातून टोकियोतल्या हिगाशी-कसाईला राहायला आली तेव्हा तिला जपानी जेमतेम येत होतं. वर्गात तोंड उघडायची लाज वाटे, म्हणून शाळेच्या संगीत क्लबात ती ड्रमसेटमागे जाऊन बसली. तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. गिटार वाजवत गाणाऱ्या रिओने आणि बेस गिटार वाजवणाऱ्या चिनात्सूने तिला लगेच आपल्यात ओढलं. घरच्या भिंती पातळ, त्यामुळे ती उशांवर सराव करी. "पार भुगा केला हो उशांचा," असं तिची आई, विभाताई, अजून कौतुकाने सांगतात.

शाळा सुटली, कॉलेज संपलं, बँड टिकला. आठवडाभर नोकऱ्या आणि शनिवारी कुठल्यातरी तळघरातल्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम. सुरुवातीला समोर तिघींचे आईवडीलच जास्त. मग रिओच्या उंच, लखलखीत आवाजाने गर्दी जमू लागली. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढायचं ठरवलं, आणि नेमकी तेव्हाच रिओच्या स्वरतंतूंवर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीचा आवाज परत येईल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात.

कंपनीचे ओनो-सान हळूच म्हणाले, "दुसरी गायिका बघू या."

कश्मिरा म्हणाली, "बँड आम्हा तिघींचा आहे. गाणं नसेल तर नुसतं वाजवू."

"लोक येणार नाहीत."

"नाही आले तर नाही."

अल्बम बारगळला. लोकही खरंच कमी झाले. रिओ मात्र दर शनिवारी गिटार घेऊन उभी राहायची, ओठ मिटून. विभाताई तिच्यासाठी ज्येष्ठमध पाठवायच्या. "चघळायला सांग गं, नाहीतर गिळेल बिचारी!"

वर्ष उलटलं. ओजिमा भागातल्या स्टुडिओत एका दुपारी सराव चालू असताना रिओ अचानक गाऊ लागली. आवाज खालचा, खरखरीत, अनोळखी. कश्मिराचे हात थबकले.

"थांबू नकोस," रिओ म्हणाली. "तू थांबलीस तर मला रडू येईल."

मग कश्मिराच रडत रडत वाजवत राहिली.

जुनी गाणी त्यांनी खालच्या पट्टीत पुन्हा बसवली. काही चाहते गेले ते गेलेच. अल्बम तिघींनी स्वतःच काढला. चिनात्सू आता गरोदर आहे. पोटावर गिटार मावत नाही, म्हणून ती तिरकी बसून वाजवते. पुढच्या महिन्यात सेंदाईला कार्यक्रम आहे, आणि तिची सासूही यायचं म्हणतेय.