गाळलेली चौथी

माझी लेक तिसरीत असताना शेजारच्या सातवीतल्या पोरीची गणितं सोडवून द्यायची. स्वतःच्या वर्गात मात्र खिडकीबाहेर बघत बसायची. आम्ही कळंब्याला राहायचो, नवरा शिरोलीत फाउंड्रीत. एवढ्या हुशार पोरीचं करायचं काय, हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. मग मीच अक्कल चालवली. तिला तिसरीतून थेट पाचवीत घाला, म्हणून आठवडाभर हेडगुरुजींचं डोकं खाल्लं. ते नको नको म्हणत होते, शेवटी घातली. मी गल्लीभर पेढे वाटले आणि चार महिने मान वर करून फिरले.

दिवाळीच्या सुमारास हुशार मुलांच्या सरकारी निवासी शाळेचं कळलं. परीक्षा पाचवीत असताना, एकदाच. पोर लागली की बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथंच. आमच्या आवाक्यातली तेवढीच एक वाट होती. लेकीला घेऊन फॉर्म भरायला गेले, तर कारकुनानं शाळेचा दाखला बघून फॉर्म परत सरकवला.

"तिसरी, चौथी, पाचवी, एकेक वर्ष पुरं शिकलेलं पायजे. हिची चौथी कुठं हाय?"

"चौथीची पुस्तकं तोंडपाठ हाईत की तिला."

"पुस्तकं नगंत ताई, वर्ष पायजे."

मी तिथंच रडले. तिथून तडक शाळेत गेले आणि हेडगुरुजींपुढं हात जोडले, हिला परत चौथीत बसवा.

"पास हुणारं पोर खाली कसं आणू, बाई?" ते म्हणाले. लेक माझा पदर धरून ऐकत होती.

नंतर मी एकटीच त्या कारकुनाकडं दोनदा जाऊन आले. काही झालं नाही. मला माझाच संताप यायचा आणि तो घरातल्या भांड्यांवर निघायचा. लेक काही विचारायला आली तरी मी वसकन अंगावर जायचे.

वार्षिक परीक्षेनंतर गुरुजींनी बोलावून गणिताचा पेपर माझ्या हातात दिला. नावाखाली एक अक्षर नव्हतं. बाकीचे पेपरही तसेच. घरी येऊन मी तिला दंडाला धरून गदागदा हलवलं.

"आता मी पास न्हाय," ती म्हणाली. "आता घालतील की मला चौथीत."

नापास पोराला त्याच वर्गात बसवतात, आणि पाचवीत दोनदा बसलेलं पोर त्या शाळेला मुळीच चालत नाही. कारकुनानं मला हे केव्हाच सांगितलं होतं. मी तिच्याशी धड बोलतच नव्हते, तिला कुठून कळणार?