उद्धव टेलरची अर्धी कबुली

एका रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता उद्धव टेलरनं एका लढाईवर पोलीस पाठवले. ती लढाई दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलेली आहे, हे त्याला कळलं साडेअकराला. तोवर शिपाई, नाईक, जमादार आणि त्यांच्या सेनापती रागिणीताई परतवाड्याकडच्या एका ठाण्याच्या ओट्यावर रांगेनं बसले होते. त्यातल्या एकाच्या अंगातला अंगरखा तर उद्धवच्याच हातचा होता.

अकोल्यात उद्धवचं दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा. लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट शिवण्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांत त्यानं कोणावर विश्वास टाकल्याची नोंद नाही. दुकानदारानं दोरा सुती आहे म्हटलं की हा तिथल्या तिथं काडी ओढून दोरा जाळून पाहणार. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यानं बोटाला लावायची पट्टी चिकटवली होती. एखाद्या दिवशी बायकोनं, सुभद्रेनं, चहा जरा लवकर दिला तरी विचारायचा, "काहून, कोण येऊन राहिलं आज?"

अशा माणसाला त्याच्या लेकीनं, देवश्रीनं, एका ऑनलाइन गटात टाकलं. ती अमरावतीला कॉलेजात शिकते. तिथल्या ग्रंथपाल रागिणीताईंनी तो गट काढलेला. जुन्या काळच्या फौजेसारखे कपडे घालायचे, हत्यारं बनवायची आणि वर्षातून एकदा इंग्रजांशी झालेली गाविलगडची लढाई पुन्हा खेळायची, असा उद्योग करणारी दोनशे बारा माणसं त्यात होती. नाव 'गाविलगडची शिबंदी', म्हणजे गडावरची फौज. देवश्रीनं बापाला यातलं अर्धंच सांगितलं. "जुन्या पद्धतीचे कपडे शिवणारे लोक आहेत बाबा," एवढंच. लढाईचं सांगितलं असतं तर बापानं तिचंच कॉलेज बंद केलं असतं.

गटात शिरताच विचारणा झाली : कोणाच्या ओळखीनं आलात, हातानं काय बनवता, आणि शिवणीच्या उलट्या बाजूचा फोटो टाका.

"उलटी बाजू कायले पाह्यजे यायले?" उद्धव सुभद्रेला म्हणाला. "नमुना चोरतेत."

तिकडे गटालाही संशय होताच, की हा दुकानदार इथं मशीनचा माल खपवायला आलाय. दोन दिवस दोन्ही बाजू अडून बसल्या. शेवटी उद्धवनं कॅमेऱ्यावरची पट्टी काढली आणि बँडच्या कोटाच्या काजाचा आतून फोटो काढून टाकला. पट्टी लगेच परत लावली.

रागिणीताईंचं उत्तर आलं : "काज हातचं आहे. टाके मोजले, एकसारखे आहेत. कोणाकडे शिकलात?"

तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. नवरदेव, बँडवाले, शाळेच्या गॅदरिंगच्या बाई, सगळे विचारायचे ते फक्त कधी देता. उद्धवनं ते उत्तर तीनदा वाचलं. मग त्याला वाटलं, टाके मोजणारी बाई उगाच मोजत नसते.

गटात एक रीत होती. दर शनिवारी कबुली. आपल्या पोशाखात खोटं काय आहे ते ज्याचं त्यानं सांगायचं. "पगडीच्या आत हेल्मेटचा फोम आहे." "कट्यारीची मूठ कुकरच्या दांड्याची आहे." खुद्द ताईंनी लिहिलेलं, "कमरबंदाला आतून चेन लावली आहे, मोबाइल ठेवायला." कबुली पोचली की ताई यादीत नावापुढे खूण करायच्या. उद्धवला हे फार आवडलं. जगात निदान एक जागा अशी होती की जिथं लोक आपली उलटी बाजू आपणहून दाखवत होते.

पण गटाचे दोन भाग होते. 'कपडे' आणि 'मोहीम'. नव्या माणसाला पंधरा दिवस 'मोहीम' दिसत नसे. एक अंगरखा शिवून तो पसंत पडला, की मग ते दार उघडायचं. पंधरा दिवस उद्धवच्या डोक्यात एकच किडा : त्या दुसऱ्या खोलीत काय शिजतंय?

रविवारी सकाळी ते दार उघडलं. तिथला नियम असा, की आपण त्या काळात गडावरच आहोत असं समजून लिहायचं. हा नियम सगळ्यात वर लिहिलेला होता. उद्धवनं सगळ्यात खालून वाचायला घेतलं.

"इंग्रज उत्तरेकडून येणार. दरवाज्यावर चाळीस माणसं. बंदुका माझ्या गाडीत. कोणी मागे हटायचं नाही. — रागिणी."

उद्धवनं मेव्हण्याला फोन लावला. गजेंद्र परतवाड्याकडेच पोलिसात.

"गजू, बाई माणसं जमवून राहिली. बंदुका हायेत."

"कोणावर भाऊजी?"

"इंग्रजायवर लिहेल हाय. थो खुणेचा शब्द असन."

"भाऊजी, नाष्टा केला काय तुमी?"

"केला. तू जाय आधी!"

गडावर खेळायला परवानगी मिळत नाही, म्हणून ताईंनी पायथ्याकडचं एक रिकामं वावर, म्हणजे शेत, ठरवलं होतं आणि त्याचा पत्ता गटात टाकला होता. पोलीस तिथं पोचले तेव्हा लढाईला दहा मिनिटं होती. अकरा बंदुका जप्त झाल्या. साहेबांनी एक बोटानं वाजवून पाहिली, तर सागवानी लाकूड. साडेअकराला गजूनं फोन करून भाऊजींना ते कळवलं. दुपारी सगळ्यांना सोडलं, पण वावराच्या मालकानं हात वर केले. धारणीहून जीप करून आलेली माणसं लढाई न करताच परत गेली.

संध्याकाळपासून गटात एकच चर्चा : खबर दिली कोणी?

संशय स्वप्निलवर गेला. पातूरचा फोटोग्राफर. महिन्यापूर्वी त्याचं ताईंशी वाजलं होतं, आणि नेमका त्या दिवशी तो आला नव्हता. "मी लग्नाच्या ऑर्डरवर होतो," म्हणून त्यानं फोटो टाकले. फोटो काढणाऱ्याच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? बुधवारी त्याला गटातून काढलं.

उद्धवला हायसं वाटलं, ते एक कप चहा संपेपर्यंत.

"तुमच्यापायी काढलं त्या पोराले," सुभद्रा म्हणाली.

"माह्यापायी काहून? म्या थोडीच नाव घेतलं त्याचं!"

"सोताचं बी नाही घेतलं."

नाव घेतलं की आपणही बाहेर, हे त्याला दिसत होतं. मग पुन्हा बँडचे कोट, आणि कधी देता. टाके मोजणारं कोणी नाही.

पुढल्या आठवड्यात गटानं सांगितलेले सहा अंगरखे द्यायला तो अमरावतीला गेला. रागिणीताईंनी कॉलेजच्या कँटीनमधून चहा मागवला.

"उद्धवराव, ठाण्यातले साहेब म्हणत होते, खबर अकोल्याकडून आली."

चहा चांगलाच गरम होता. "अकोला लय मोठं हाय ताई."

"हो ना. आपल्या गटात मात्र तिकडचे चौघंच."

पातूरही अकोला जिल्ह्यातच येतं, एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. शब्द अगदी जिभेवर आले. उद्धवनं ते चहासोबत गिळले.

"थो पोरगा नव्हे ताई. त्याले परत घ्या."

"कशावरून?"

"मले माहीत हाय."

ताईंनी वर पाहिलं नाही. एक अंगरखा उचलला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवत गेल्या. "आतून साफ आहे," म्हणाल्या. "शनिवारी कबुली द्या."

शनिवारी स्वप्निल गटात परत आलेला दिसला. उद्धवनं "त्या रविवारी" असं लिहिलं, पुसलं, आणि पाठवलं ते हे : "अंगरख्याची खालची दुमड मशीनवर मारली आहे. बाकी हातचं."

यादी आली. सगळ्यांपुढे खूण. उद्धवपुढे एक शब्द : अर्धी.

"ताई, अर्धी म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"ज्याचं त्याला माहीत."

बाईला कळलं, की नुसताच खडा टाकला? उद्धवला चार शनिवार याचा छडा लागला नाही. गजूनं तोंड उघडलं असेल काय? की देवश्रीनं? त्यानं घरातल्या सगळ्यांवर एकेक करून संशय घेऊन पाहिला. पाचव्या आठवड्यात त्यानं ताईंकडून अंगरखे परत मागवले, सहाही दुमडी उसवल्या, हातानं घातल्या आणि शनिवारी उलट्या बाजूचा फोटो टाकला.

"दुमड पोचली," ताईंनी लिहिलं.

यादीत त्याच्या नावापुढे अजून 'अर्धी'च आहे. फोनच्या कॅमेऱ्यावरची पट्टी तेवढी त्यानं परत लावलेली नाही.