अक्कांच्या गोठ्यातले दिवस

दुष्काळात आईबाप गेले आणि मी धुळ्याच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. तिथेच शिकले, तिथेच प्रभूला ओळखलं आणि तिथल्याच एका मास्तरांशी माझं लग्न झालं. पुढे आम्हांला भडगावच्या अलीकडे गिरणेकाठच्या एका खेड्यात पाठवलं. ह्यांनी शाळा चालवायची आणि मी बायबलबाई म्हणून घरोघर जाऊन बायकांना सुवार्ता सांगायची, असं ठरलं होतं.

मी मोठ्या उमेदीनं गेले. गाव मात्र माझ्यासाठी बंदच राहिलं. बायका दारात येत, मी कोण ते कळलं की हळूच दार लोटून घेत. दुपारी उन्हातून परत येताना माझे पाय नुसते ओढल्यासारखे चालत. घरी आले तरी मला बसवत नसे. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. हे म्हणत, "जरा टेक ना." टेकून काय करू? देवानं मला मरणातून उचललं ते काय लोकांची बंद दारं मोजायला?

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तापाची साथ आली. घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. आमच्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणे. तिचा मुलगा जळगावला कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होता. एका सकाळी तिच्या गोठ्यातली म्हैस सारखी हंबरायला लागली, थांबेचना. मी दाराशी जाऊन हाक मारली.

"कोन शे वं?" आतून क्षीण आवाज आला.

"मी, मास्तरांची बायको. पाणी आणून देऊ का, अक्का?"

"नको. तुन्हा हातनं पानी माले चालाव नही. घरमा येऊ नको."

मी उंबऱ्याबाहेर उभी. आत माणूस तापानं फणफणलेलं आणि माझ्या हातातला तांब्या तिच्या उपयोगाचा नाही. मी परत फिरणार तोच ती म्हणाली, "म्हैसले काही टाकशी त टाक. उपाशी शे बिचारी."

चारा टाकायला माझा हात चालत होता. शेण काढायलाही चालत होता. मला राग आला, खोटं कशाला सांगू. तरी मी पदर खोचला, विळा घेतला आणि बांधावरचं गवत कापून आणलं. म्हशीला गिरणेवर नेऊन पाणी पाजलं. गोठा झाडला. वाटेत तिच्या भावकीतली एक जाऊ भेटली. ती स्वतः तापातून नुकतीच उठली होती, पण अक्कांना पेज आणि पाणी द्यायला कबूल झाली, दूधही काढीन म्हणाली. जळगावकडे निघालेल्या एका गाडीवाल्याजवळ ह्यांनी तिच्या मुलासाठी निरोप धाडला.

मग रोज सकाळ-संध्याकाळ माझा तोच उद्योग. शेणात हात घालून मी देवाशी भांडायची. मोठ्यानंच. "प्रभू, यासाठी मला शिकवलंस का? तुझं नावसुद्धा घेता येत नाही अशा जागी आणून उभं केलंस!" म्हैस कान हलवत रवंथ करी.

त्याच सुमारास धुळ्याहून मिशनचे पाळकसाहेब पाहणीला आले. त्यांनी विचारलं, "बाई, किती घरांत वचन सांगितलंत?"

मी म्हणाले, "एकाही नाही. शेजारच्या म्हशीचं चारापाणी करते."

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "चारापाणी कुणीही करील. तुम्हांला त्यासाठी नेमलेलं नाही."

ते गेल्यावर मी रडले. हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "कुणीही करील खरं. पण करतंय कोण? प्रभू मेलेल्यांतून उठला ना? मग त्याच्यासाठी केलेलं काही मातीत जाणार नाही. गवत कापलेलंसुद्धा."

मला ते पटलं आणि पटलं नाही. मनाचा एक कोपरा शांत झाला की दुसरा उसळे. पण संध्याकाळ झाली, म्हैस हंबरली आणि मी उठले.

एकदा गोठ्यात असताना भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली.

"काय वं, तू रोज गोठामा कोनासंगे बोलस?"

मी ओशाळले. "देवाशी, अक्का."

"तुन्हा देव ऐकस का?"

मी शेणाची टोपली खाली ठेवली. मग म्हटलं, "ऐकतो. मी भांडते तेही ऐकतो."

"मंग त्याले सांग, मन्हा पोऱ्या लवकर घर येवाले जोयजे."

मी शेणाचे हात तसेच जोडले आणि तिला ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. लांबलचक काही जमलं नाही. तिच्या मुलाला सुखरूप आण, तिचा ताप उतरव, एवढंच. संपल्यावर उरलेला गोठा झाडला.

मुलगा आला. निरोपामुळे आला की प्रार्थनेमुळे, ते मी कधी सोडवायला गेले नाही. अक्का बऱ्या झाल्या. मुलानं घराला कडी लावली, आईला आणि म्हशीला घेऊन जळगावला निघाला. मी गाडीमागे बांधलेल्या म्हशीला थोपटत होते, तेव्हा गाडीत बसलेल्या अक्कांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता काही बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "डावा शिंगले हात लावू नको, मारकी शे ती." म्हशीनं मला कधीच मारलं नव्हतं. गाडी निघून गेली. ती बाई ख्रिस्ताला मानू लागली का, मला ठाऊक नाही. आमची पुन्हा भेट झाली नाही.

त्यानंतर गावातली दारं काही धडाधड उघडली नाहीत. पण पलीकडच्या आळीतली, नवरा अजून तापात पडलेली एक लेकुरवाळी दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाली, "मन्हा बैल बी उपाशी शेतस." मी विळा घेतला. चालता चालता देवाला म्हटलं, अजून मला नीट कळलेलं नाही, पण तुला कळतंय ना, मग चल बरोबर.