वाईट बातमीचा सराव

पुण्याच्या एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी होती आणि मला ती हवीच होती. डिग्री घेऊन वर्षभर ढोकीत घरी बसले होते. भेटेल तो माणूस माझ्या लग्नाची चौकशी करायचा आणि माझं डोकं फिरायचं. धाराशिवच्या क्लासमधल्या मॅडम म्हणाल्या, तुझं व्याकरण ठीक आहे, पण समोरच्यानं काही सांगितलं की तू मख्ख बसतेस. इंग्रजीत आश्चर्य लगेच दिसलं पाहिजे, थांबलीस की गेलीस. त्यांनी वाक्यं पाठ करायला दिली. ‘नो वे.’ ‘यू मस्ट बी जोकिंग.’ ‘वॉव, दॅट्स अमेझिंग.’ ‘ओ नो, दॅट्स टेरिबल.’

सरावाला घरात आई एकटीच. तिनं चुलीपुढं भाकरी थापत मराठीत बातमी सांगायची आणि मी इंग्रजीत चकित व्हायचं, असं ठरलं. म्हशीला रेडी झाली. नो वे. मावशीच्या पोरीला सरकारी नोकरी लागली. दॅट्स अमेझिंग. वाईट बातमी मात्र ती काही केल्या सांगेना. घरात अभद्र बोललं की वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते, यावर तिचा पक्का विश्वास. वडील गेल्यापासून तर जास्तच. खोटं खोटं सांग की, म्हणून मी चिडायचे. ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि पुन्हा म्हशीवर यायची.

मुलाखत फोनवर होती. त्या दिवशी रेंजसाठी मी गच्चीवर उभी होते. आई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली होती, कुणी वर येऊ नये म्हणून. फोनवरच्या बाईंनी शिक्षण विचारलं, ते निभावलं. मग परीक्षा म्हणून त्या गिऱ्हाईक झाल्या आणि म्हणाल्या, काल आमच्या घराला आग लागली, सगळं जळून गेलं.

क्षणाचाही उशीर नको म्हणून मी खणखणीत आवाजात म्हणाले, ‘वॉव, दॅट्स अमेझिंग.’

मी सॉरी म्हणाले, पुन्हा सॉरी म्हणाले, पुढचं वाक्य तोंडाशी येईना. सोमवारी आणखी एकदा फोन करू, तो शेवटचा, एवढं सांगून बाईंनी फोन ठेवला.

खाली आले ती फणकाऱ्यातच. तुझ्या वास्तूपायी माझी नोकरी चालली, असं आईला तोंडावर म्हणाले. तिनं पदर खोचला, दाराला कडी घातली आणि मला घेऊन रस्ता ओलांडून उसाच्या बांधापर्यंत चालत गेली. तिथून घर दिसत नाही ना, ते मागं वळून पाहिलं.

“इथं सांगते,” ती म्हणाली. “इथनं वास्तूला ऐकू जायचं न्हाय.”

मी ‘दॅट्स टेरिबल’ जिभेवर तयार ठेवून उभी होते.

“तुला नोकरी लागली,” ती म्हणाली. “तू पुण्याला गेलीस. घरात आता मी एकलीच हाय.”

पाठ केलेलं एकही वाक्य बाहेर पडेना.

“बोल की,” आई म्हणाली. “उशीर करू नको.”