मैनाची चाल

नाना आज सकाळी गेले. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचा अधिकार मला नाही, तरी लिहितोय.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो दिसतोय. पांढरा फेटा, हातात ढिली दोरी, मागे घोडं. त्या फोटोतली घोडी माझी आहे. मैना.

धुळ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की नानांचं गाव लागतं. पन्नासेक वर्षं या माणसाने घोडी शिकवली. त्यांच्या दारात मी चाबूक कधी पाहिला नाही.

मैना त्यांच्याच घोडीची पोर. नाना कुणालाही घोडं देत नसत. मला दिलं.

माझं जळगावात, पिंप्राळ्याला हार्डवेअरचं दुकान. घोड्यातलं मला काय कळतं? पण हौस दांडगी. दर रविवारी बाइक काढून नानांकडे शिकायला जायचो.

पहिला महिना त्यांनी मला खोगिरावर बसूच दिलं नाही. दोरी ढिली सोडून मैनाच्या बाजूने नुसतं बांधावरून चालायचं.

"नाना, बोर होतंय हो."

"आधी तिनी चाल आपुन शिकानी. मंग तिले शिकाडनं."

पुढे बसायला लागलो तेव्हा ओरडायचे, "लगाम धरस का बैलगाडीना कासरा?" आणि स्वतःच हसत सुटायचे.

नाना ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि रस्त्यावरून टापा वाजल्या की सांगायचे, ही अमक्याची घोडी, हे तमक्याचं शिंगरू. आम्ही पैजा लावायचो. ते कधी चुकले नाहीत.

मैना तयार झाली तशी मी तिला जळगावला आणली. मेहरूणला मित्राच्या प्लॉटवर शेड बांधली. सकाळी तलावाकडून फेरी मारायची, लोक थांबून बघायचे. आणि मला वारं लागलं.

स्पर्धेचं वारं.

आपल्याकडच्या यात्रेत चालीची स्पर्धा असते. तिथे मान रवाल चालीला. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात, वरच्याला हिसका बसत नाही. हातातला पाण्याचा पेला हलत नाही म्हणतात.

मैनाची चाल दुडकी. उजवा पुढचा आणि डावा मागचा, अशी जोडी. अंगाला हिसके बसायचे, पण काय गोड चालायची! शाळा सुटलेल्या पोरीसारखी.

नानांना विचारलं. ते स्पष्ट म्हणाले, "तिले रवाल येनार नही. तिना आंगमा दुडकी शे. तिनी मायबी तशीच चाले."

"पण शिकवता येते ना?"

"शिकाडता येस नही. बांधता येस."

मला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ती म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

मी मैनाला एका दुसऱ्या उस्तादाकडे टाकलं. नानांना न सांगता.

त्याने उजवीकडचा पुढचा पाय उजवीकडच्या मागच्या पायाला बांधला. डावीकडे तसंच. मान वर राहावी म्हणून लगाम आवळून खोगिराला अडकवला. रोज सकाळ-संध्याकाळ तसंच चालवायचं.

मी बघायला जायचो. तिच्या तोंडाला फेस असायचा. ती माझ्याकडे बघायची आणि मी मोबाइलमध्ये बघायचो.

दोन महिन्यांत रवाल आली. स्पर्धेत तिसरा नंबर आला. रील याच प्रोफाइलवर टाकलं होतं, तुम्ही सगळ्यांनी बदाम दिले होते. आता काढून टाकलंय.

घरी आणून दोऱ्या सोडल्या.

मैना तशीच चालत राहिली. मोकळ्या रानात सोडली तरी बांधल्यासारखी. पळायला जायची आणि मध्येच अडखळून थांबायची, पायात काहीतरी आहे असं तिला वाटायचं बहुतेक.

डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे, शीर चांगली आहे. पायात काहीच नाही.

हे सोडवू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता.

तीन आठवड्यांपूर्वी मैनाला टेम्पोत घालून नानांकडे नेलं. सगळं सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवून गेलो होतो.

नानांचं एक अंग लुळं पडलेलं. खाट ओट्यावर. नजर जवळजवळ गेलेली. सूनबाई, आमच्या ज्योतीवहिनी, चमच्याने पेज भरवत होत्या.

मी मैनाला उतरवलं आणि ओट्यापुढून चालवत आणलं.

नानांनी हाताने पेज थांबवली. कान दिला.

"हाई कोनी घोडी शे रे?"

नाना. मैनाला ओळखलं नाही नानांनी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एका पाहुण्याची आहे, नाना."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बिचारीना पाय कोनी बांधात?"

"माहीत नाही."

"त्या मानूसले मन्हाकडे धाड. रागे भरनार नही. कसं सोडवनं त्ये सांगसू."

"बरं."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मैनाला ओळखलं होतं.

निघताना नानांनी विचारलं, "नि तुनी मैना कशी शे?"

"मजेत आहे."

ते हसले. अर्ध्या तोंडानेच, पण हसले.

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी पुढे ढकलला. दुकानात माल आलाय, कुणाचं लग्न आहे, पुढच्या रविवारी नक्की. खरं सांगायचं तर तोंड नव्हतं.

आज गेलो. चितेला नमस्कार केला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "परवापर्यंत विचारत व्हतात, तो मानूस उना का म्हनीसन."

नाना, ज्याची वाट पाहिलीत तो माणूस मीच.

मैनाचे पाय मी बांधले.

कसे सोडवायचे ते मला माहीत नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

नमस्कार, नाना. शांत झोपा.