लिओनार्डचं पथ्य

जर्ट्रूडच्या दारात पाववाला थांबेनासा झाला, त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा नवरा लिओनार्ड फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट. पोट बिघडून बिघडून त्याचा पार सांगाडा झाला, तेव्हा कुठे परळच्या एका डॉक्टरांना दुखणं सापडलं. गहू याच्या आतड्यांना सोसत नाही, ते म्हणाले. पाव, बिस्कीट, केक, रवा, सगळं बंद, आणि तेही कायमचं.

बंद म्हणायला काय लागतं! गिरगावातली त्यांची सगळी वाडीच पावावर वाढलेली. आता जर्ट्रूड पहाटे उठून तांदळाच्या पिठाची उकड काढायची, चटके सोसत ती मळायची आणि हातावर थापून भाकऱ्या भाजायची. सकाळच्या, डब्यातल्या, संध्याकाळी पुन्हा. स्वस्त धान्याच्या दुकानात गहू मिळे, तांदूळ मिळता मिळत नसे. मग पिशवी घेऊन शेजारणींकडे जायचं, आमचा गहू घ्या, तुमचा तांदूळ द्या. त्या देत, पण सारखं कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे माणूस आतून झिजतं. त्यात ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. हरताळ पडला, बेकऱ्या बंद राहिल्या, की वाडीतली पोरं भाकरी मागायला तिच्याकडेच येत. ती कुणाला नाही म्हणत नसे, आणि रात्री तिचा खांदा भरून येई.

एवढं करूनही लिओनार्डचं पोट थाऱ्यावर येईना. चार दिवस बरे गेले की पुन्हा तेच. जर्ट्रूडच्या मनात संशय शिरला, की हा ऑफिसातून येताना इराण्याकडे मस्कापाव खात असणार. तिनं आडून विचारलं, सरळ विचारलं. तो नाही म्हणाला. एकदा त्याचा कोट झटकताना तिनं खिसे उलटे केले, आणि वर पाहिलं तर तो दारात उभा.

"सापडला पाव?" एवढंच त्यानं विचारलं.

त्यानंतर दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं.

मे महिन्यात शेवंती मसाला कुटायला आली. दर वर्षी ती येई आणि वर्षभराचा मसाला करून बाटल्यांत ठासून देई. मिरच्या उन्हात वाळल्या होत्या. धणे भाजून झाले, तीळ झाले, खसखस झाली. मग शेवंतीनं विचारलं, "बाई, गहू कुठं ठेवलाय?"

जर्ट्रूडनं सवयीनं डबा पुढे केला. कढईत गहू तडतडायला लागला आणि ती मटकन खाली बसली. आईच्या हातचं माप ते, मूठभर गहू भाजून घालायचा. गहू म्हणून तिनं तो कधी धरलाच नव्हता. तो मसाला होता. रोज माशांच्या कालवणात तिच्याच हातानं पडत होता.

उन्हानं चक्कर आली असेल म्हणून शेवंती पाणी घेऊन आली. जर्ट्रूडनं तिला गहू काढून कढई घासून घ्यायला सांगितलं. कालवण दाट होणार नाही, शेवंती म्हणाली. न होऊ दे, ती म्हणाली.

संध्याकाळी लिओनार्ड बूट सोडत होता, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

"लिओ, गहू मीच घालत होते. मसाल्यात."

तिनं सगळं सांगितलं, कोटाचं चुकलं तेही. तो चिडेल, निदान चार शब्द ऐकवेल असं तिला वाटलं होतं. ऐकून घ्यायची तिची तयारी होती. त्यानं दोन्ही बूट काढून भिंतीशी नीट लावले.

"उद्यापासून डब्यात भात दे," तो म्हणाला. "सकाळी जरा झोपत जा."

ऑफिसात भात कालवून खायची त्याला लाज वाटे, हे तिला ठाऊक होतं.  ती आत जाऊन चुलीपाशी बसली आणि बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

जुन्या बाटल्या तिनं माटुंग्याच्या नणंदेकडे, आयव्हीकडे पाठवून दिल्या. नवं कालवण पातळ होई, पण लिओनार्डच्या अंगाला लागू लागलं. दिवाळीपर्यंत त्याच्या शर्टांना अंग मिळालं. संध्याकाळच्या भाकऱ्या काही सुटल्या नाहीत, तांदळाची वणवणही नाही. औषध चांगलं लागू पडलं हो, असं शेजारणी म्हणत, आणि जर्ट्रूड त्यांना हो म्हणे.