हिरवळीवरची रिकामी चौकट

समोरच्या घराच्या हिरवळीवर उन्हाळ्यापासून एक रिकामी तारेची चौकट उभी होती. अमेरिकेतल्या आमच्या राज्यात सिनेटच्या जागेसाठी उमेदवार ठरवायला आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते. त्यात समोरची शेजारीण कॅरल एका उमेदवाराच्या बाजूची, तर तिचा नवरा टॉम दुसऱ्याच्या. टॉमचा जिंकला. कॅरलने हिरवळीवरचा आपला प्रचाराचा फलक काढला, चौकट तशीच ठेवली; टॉमचा फलक बाजूला उभाच राहिला. तेव्हापासून दोघं संध्याकाळी एकत्र फिरायला गेली नाहीत.

आता खरी निवडणूक उद्यावर आली होती आणि जनमत चाचण्यांत दोन्ही पक्ष बरोबरीत होते. मी सारखे आकडे बघत होतो. पण आधी हरलेल्या उमेदवाराच्या मतदारांपैकी किती जण रुसून घरी बसणार, हे एकाही आकड्यात धड दिसत नव्हतं. हरल्यावर पुन्हा त्याच रांगेत उभं राहायला माणसाला काय लागतं, ते कोण मोजणार?

"अहो, ती बाहेर आली बघा!" बायको खिडकीतून म्हणाली.

कॅरलच्या हातात टॉमच्याच उमेदवाराचा फलक होता. तो तिने आपल्या चौकटीवर चढवला.

"अगं, माझा आहे की इथे," टॉम पायरीवरून म्हणाला.

"तो तुझा. आणि हा उद्या पडला ना, तर जन्मभर ऐकवीन तुला."

टॉम हसला नाही. वारा सुटला होता. खाली उतरून त्याने तिच्या चौकटीची तार पायाने जमिनीत घट्ट दाबली.